म्हशीचे मांस, चरबी आणि कामगाराचे ताट
(भिवंडी येथे यंत्रमाग कामगारांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मजुरीच्या प्रश्नावर कार्यकर्ता निःशंकपणे बोलतो, कारण मजुरीला आकडा असतो आणि त्या आकड्यासाठी भांडता येते. घराच्या, पाण्याच्या, शाळेच्या प्रश्नावरही तो बोलतो. कामगाराच्या ताटाचा विषय निघाला की मात्र त्याची जीभ अडखळते. ताटाभोवती जात उभी असते, धर्म उभा असतो, आणि भिवंडीसारख्या गावात १९७० आणि १९८४ च्या दंगलींच्या आठवणीही उभ्या असतात. 'खाणे ही ज्याची त्याची बाब' असे म्हणून विषय बाजूला सारला जातो. हा शहाणपणा वरवरचा आहे. ज्या विषयावर चळवळ गप्प बसते त्या विषयावर अफवा बोलते, आणि म्हशीच्या मांसाविषयी अफवेने पुष्कळच बोलून ठेवले आहे.

भिवंडीत काही लाख यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते, म्हणजे माग थांबला की कमाई थांबली. मागावरचा माणूस बहुधा उत्तर प्रदेशातून, बिहारमधून किंवा तेलंगणातून एकटा आलेला असतो, आणि तो भिशीत जेवतो. महिन्याचे पैसे ठरवून दोन वेळचे जेवण देणारी खाणावळ ती भिशी. ज्या भिशांत मांस शिजते त्यांतील पुष्कळ ठिकाणी ते 'मोठ्याचे' असते, आणि कायदा पाळला जातो तेथे आज मोठ्याचे म्हणजे म्हशीचेच. याचे कारण उघड आहे. बोकडाच्या मटणाच्या निम्म्याहून कमी पैशांत ते मिळते. खाणारा ते मुकाट्याने खातो, थोडा शरमतोही. आणि डॉक्टरकडे गेला की छातीत जळजळ असो वा सांधेदुखी असो, 'मोठ्याचे बंद करा, त्यात चरबी फार' एवढा सल्ला घेऊन परत येतो.

त्यात चरबी फार, हे खरे आहे काय? येथून सुरुवात केली पाहिजे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके १९७१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ते पुस्तक कितीतरी वर्षे देशातील वैद्यकीय महाविद्यालयांत आणि गृहविज्ञानाच्या वर्गांत वापरले गेले. त्यात म्हशीच्या मांसाची नोंद आहे. १०० ग्रॅम मांसात प्रथिने १९.४ ग्रॅम, स्निग्धांश ०.९ ग्रॅम, ऊर्जा ८६ कॅलरी. त्याच पुस्तकात बोकडाच्या मांसाचा स्निग्धांश ३.६ ग्रॅम आणि मेंढीच्या मांसाचा १३.३ ग्रॅम दिला आहे. मेंढीच्या मांसातून मिळणाऱ्या १९४ कॅलरींपैकी निम्म्याहून अधिक चरबीच्या आहेत. म्हशीच्या मांसात हे प्रमाण जेमतेम एक दशांश भरते. अमेरिकेच्या शेती खात्याच्या कोष्टकातही म्हशीच्या मांसाची नोंद आहे आणि तिचा निष्कर्ष वेगळा नाही. तेथे प्रथिने सुमारे २०.४ ग्रॅम, स्निग्धांश सुमारे १.४ ग्रॅम, त्यापैकी संपृक्त स्निग्धांश अर्ध्या ग्रॅमच्याही आत, आणि कोलेस्टेरॉल ४६ मिलिग्रॅम. एका कोंबडीच्या अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल सुमारे २०० मिलिग्रॅमपर्यंत असते. हे अंड्याच्या निंदेसाठी सांगितलेले नाही, मापाची कल्पना यावी एवढ्यासाठीच.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'बफेलो' मांसाची थोरवी गाणारे लेख अलीकडे भ्रमणध्वनीवरून फिरत असतात. त्यांतील पुष्कळसे अमेरिकेतील बायसन नावाच्या रानटी गव्यासारख्या प्राण्याविषयी असतात. तो प्राणी निराळा आणि आपल्या गोठ्यातली म्हैस निराळी. वर दिलेले आकडे म्हशीचेच आहेत.

आता ही कोष्टके साफ केलेल्या लाल मांसाची आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. जनावराच्या शरीरात चरबी नसते असे त्यांचे म्हणणे नाही. ती असते, पण कोठे असते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. परदेशात मांसासाठी म्हणून पोसलेल्या, कोठारात धान्य चारून फुगवलेल्या गोवंशाच्या स्नायूंत चरबीच्या बारीक रेषा संगमरवरासारख्या पसरलेल्या असतात, आणि त्या जितक्या दाट तितका तेथे भाव चढा. आपली म्हैस कडब्यावर, गवतावर आणि दूध असेपर्यंत थोड्याफार पेंडीवर जगते. तिच्या स्नायूंत या रेषा जवळजवळ नसतातच. तिची चरबी कातडीखाली, स्नायूंच्या मधल्या पडद्यांत, आणि मूत्रपिंडांभोवती साठते. ही चरबी डोळ्यांना दिसते, सुरीने वेगळी काढता येते. खाटीक ती काढून ठेवतो आणि निराळी विकतो. मांसात मुरलेली चरबी गिऱ्हाइकाला टाळता येत नाही, म्हशीची येते.

मग हा समज पसरला कसा? त्याचे उत्तर चरबीच्या रंगात आणि तिच्या थिजण्यात सापडते. चाऱ्यातील पिवळे कॅरोटिन म्हैस आपल्या शरीरात जवळजवळ पूर्णपणे 'अ' जीवनसत्त्वात बदलून टाकते. म्हणून गाईचे दूध पिवळसर आणि म्हशीचे पांढरे शुभ्र. गाईबैलाची चरबी पिवळट आणि म्हशीची पांढरी. त्यात आणखी एक गोष्ट. चाऱ्यातील मेदाम्ले मुळात असंपृक्त असतात, पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात जे असंख्य जीवाणू असतात ते त्यांना हायड्रोजन जोडून संपृक्त करून टाकतात. त्यामुळे अशा सर्वच जनावरांची चरबी गार झाली की थिजते. म्हशीच्या चरबीत स्टिअरिक आम्लाचे प्रमाण बरेच असल्यामुळे ती लवकर आणि घट्ट थिजते. थंडीच्या दिवसांत भिशीत उशिरा जेवायला बसलेल्या कामगाराच्या ताटाला मेणासारखा पांढरा थर चिकटतो, टाळूलाही चिकटतो. 'हेच रक्तवाहिन्यांत जाऊन बसते' असे त्याला वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. पण शरीराच्या आत काही ताटासारखी थंडी नसते, आणि ताटावर दिसणारा थर हा मांसातील आहे की फोडणीतील, हेही कोणी पाहिलेले नसते.

म्हशीच्या चरबीची घडण थोडी अधिक उलगडून पाहणे इष्ट आहे, कारण 'संपृक्त' हा शब्द ऐकला की सुशिक्षित माणूसही पुढे विचार करीत नाही. या चरबीचा बहुतांश भाग तीन आम्लांचा असतो. पामिटिक, स्टिअरिक आणि ओलिइक. यांपैकी पामिटिक आम्ल रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवते, हे सर्वमान्य आहे. स्टिअरिक हेही रसायनशास्त्राच्या व्याख्येने संपृक्तच. परंतु रक्तातील कोलेस्टेरॉलवर त्याचा परिणाम पामिटिकसारखा होत नाही, आणि त्याचा काही भाग शरीरात ओलिइक आम्लात रूपांतरित होतो. ओलिइक म्हणजे शेंगदाण्याच्या आणि ऑलिव्हच्या तेलात विपुल असणारे आम्ल. म्हणजे ज्या गुणामुळे ही चरबी ताटावर घट्ट बसते, तो गुण आरोग्याच्या दृष्टीने तिच्यातील सर्वांत मोठा दुर्गुण नव्हे. आणखी असे की, स्नायूंतील प्रत्येक पेशीच्या आवरणात थोडा स्निग्धांश असतोच आणि त्यात असंपृक्त आम्ले अधिक असतात. मांस जितके कमी चरबीचे, तितका त्यातील एकूण स्निग्धांशात या आवरणाच्या स्निग्धांशाचा वाटा मोठा. म्हशीच्या सुक्या लाल मांसात तसेच घडते. याचा अर्थ म्हशीची चरबी औषध आहे असा कोणी करू नये. लाल मांसात ती फार थोडी आहे आणि जी आहे ती सांगितली जाते तितकी वाईट नाही, इतकेच शास्त्र सांगते.

याच जनावराचे दूध घ्या. म्हशीच्या दुधात १०० ग्रॅममागे सुमारे ६.५ ग्रॅम स्निग्धांश असतो, म्हणजे १९७१ च्या त्या कोष्टकाप्रमाणे तिच्या मांसातील स्निग्धांशाच्या सातपट. दुधाच्या स्निग्धांशातील संपृक्त भागही मोठा, निम्म्याहून बराच अधिक. त्या स्निग्धांशावर डेअरीत दुधाचा भाव ठरतो, त्याचे तूप होते, तूप देवापुढे जळते आणि बाळंतिणीच्या ताटात पडते, ते पौष्टिक. मांसातील एक ग्रॅम मात्र 'चरबी फार'. पौष्टिक आणि अपथ्यकारक यांची ही वाटणी रसायनशाळेत झालेली नाही. खाणारा कोण आहे हे पाहून ती झाली आहे. महाराष्ट्रात याचा इतिहास जुना आहे. गावाबाहेरच्या वस्तीने मेलेली जनावरे ओढावीत आणि त्यांचेच मांस खावे ही व्यवस्था गावाने लादली आणि खाणाऱ्यालाच हीन ठरवले. १९२७ साली महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते त्या लादलेल्या हीनपणाविरुद्धचे बंड होते. मराठवाड्यातील महार-मांग वस्त्यांच्या स्वयंपाकाची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात केली, तेव्हा कितीतरी वाचकांना चान्या म्हणजे काय हे प्रथमच कळले. मांसाचे पातळ पट्टे कापून उन्हात वाळवलेले ते चान्या. चरबीचे मांस वाळत ठेवले तर त्याला खवट वास येतो. सुके मांस टिकते. ज्यांच्याजवळ तराजू आणि कोष्टके नव्हती त्यांना हे ठाऊक होते.

दूध आणि मांस यांचा संबंध भिवंडी-कल्याण-मुंबईच्या परिसरात तर अगदी जवळचा आहे. मुंबईतील तबेले हलवण्यासाठी १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली, पण तबेल्याचे अर्थशास्त्र तेच राहिले. ताजी व्यालेली म्हैस दूरवरून विकत आणायची, दूध असेपर्यंत सरकीची पेंड घालून पोसायची, आणि भाकड झाली की शहराच्या महागड्या चाऱ्यावर तिला ठेवणे परवडत नाही म्हणून विकून टाकायची. रेडकाचे हाल तर विचारूच नयेत. दूध विकायचे असल्यामुळे त्याला ते मिळत नाही आणि पुष्कळदा ते उपासमारीनेच मरते. भाकड म्हशीच्या विक्रीतून येणारा पैसा पुढच्या म्हशीच्या किमतीत घातला जातो. शहरातल्या चहाच्या पेल्यातील दूध आणि खाटकाच्या हुकाला टांगलेले मांस ही एकाच धंद्याची दोन टोके आहेत. पहिल्याचा आनंदाने उपभोग घेणाऱ्याने दुसऱ्याकडे नाक मुरडावे, यात करुणेपेक्षा अज्ञान अधिक आहे.

अनेक वेतांनंतर बाजारात आलेल्या अशा म्हशीचे मांस काळपट असते आणि चिवट असते. काळपटपणा मायोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनाचा. वयाबरोबर ते वाढते. गिऱ्हाईक ज्या रंगाला 'शिळे' समजून नाकारते, तो बहुधा लोहाचा रंग असतो. चिवटपणा आहे तो स्नायूंना बांधणाऱ्या तंतूंचा. मंद आचेवर किंवा कुकरमध्ये पुरेसा वेळ शिजवले की हे तंतू विरघळून त्यांचा रस्सा दाट होतो; कच्च्या पपईचा कीस लावून ठेवला तरी काम होते. पण त्यासाठी वेळ लागतो, सरपण किंवा गॅस लागतो, आणि भिशी चालवणाऱ्या बाईकडे दोन्हींची टंचाई असते. तिला रात्रपाळी सुटण्याच्या आत शेकडो पोळ्या भाजायच्या असतात. मग चव आणण्याचा सोपा मार्ग उरतो: तेल.

कामगाराच्या ताटातील चरबीचा खरा हिशेब येथे लागतो. स्वस्त भिशीचे तेल म्हणजे बहुधा पामतेल, आणि बिर्याणीत, शेवटच्या फोडणीत, नाक्यावरच्या कबाबात वनस्पती तूप. पामतेलातील जवळपास निम्मा स्निग्धांश संपृक्त, आणि त्यात भर पामिटिक आम्लाचाच. एक मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम, पामतेल पोटात गेले की सुमारे ७ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश गेला. १०० ग्रॅम म्हशीच्या मांसातील संपृक्त स्निग्धांशाच्या हा पंधरापट आहे. वनस्पती तुपाची कथा याहून वाईट होती. तेल थिजवण्याच्या प्रक्रियेत जी 'ट्रान्स' मेदाम्ले तयार होतात ती हृदयाला सर्वांत घातक. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांची मर्यादा २ टक्क्यांवर आणली ती १ जानेवारी २०२२ पासून. तोपर्यंत कित्येक दशके गरिबाचे तूप म्हणून हाच पदार्थ विकला गेला. म्हैस बदनाम झाली, डबा सुटला.

आता मांसाच्या जमेच्या बाजूकडे वळले पाहिजे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. १०० ग्रॅम म्हशीच्या मांसातून त्यातील एक तृतीयांशाहून अधिक भागतात, आणि ही प्रथिने परिपूर्ण असतात. डाळीत प्रथिने आहेत, तुरीत १०० ग्रॅममागे २२ ग्रॅमच्या वर आहेत. पण भिशीतील वरण हातात धरून पाहावे, त्यात डाळ किती आणि पाणी किती ते दिसते. ब१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नसतेच. ते मांसातून, अंड्यांतून, दुधातून मिळते. एकट्या कामगाराच्या ताटात दूध चहापुरतेच.

लोहाचा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि तो पुरुषापेक्षा बाईचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळले. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात. म्हशीच्या १०० ग्रॅम मांसात लोह दीड मिलिग्रॅमहून थोडे अधिक असते, आणि स्त्रीची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. नुसते आकडे ताडले तर मांसाचा उपयोग नगण्य वाटेल. परंतु शिफारशीचा आकडा एवढा मोठा ठेवावा लागतो तो धान्यातील लोह फारसे अंगी लागत नाही म्हणून. मांसातील लोहाचा मोठा भाग रक्तद्रव्याशी बांधलेला असतो आणि तो कितीतरी सुलभपणे शोषला जातो; शिवाय मांस सोबत असेल तर पोळीतील आणि डाळीतील लोहही अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर हा लाभ बराच बुडतो. लिंबू पिळले तर वाढतो. हे मांस पंडुरोगावरचा उपाय नाही, गोळ्यांची जागा ते घेऊ शकत नाही. पण गरीब घरात आठवड्यातून दोनदा ते येत असेल तर ती मोलाची मदत आहे.

ती मदत कोणाच्या ताटात पडते? भिवंडीच्या खोल्यांतून कांड्या भरणारी, धागे तोडणारी बाई सर्वांना वाढून शेवटी बसते. तोवर भांड्यात रस्सा उरलेला असतो आणि तळाशी हाड. चरबी पाण्यावर तरंगते, तेव्हा रश्श्याबरोबर तेल तिच्या वाट्याला येते; लोह आणि प्रथिने ज्या फोडींत असतात त्या संपलेल्या असतात. मोठ्याच्या मांसाने बाई लठ्ठ होते आणि तरी तिला चक्कर येते, असे जे म्हटले जाते त्याचा उलगडा याहून वेगळा शोधण्याचे कारण नाही. या वाटपाला कसाई जबाबदार नाही, सरकारही नाही. कामगार सभेत हात वर करणाऱ्या पुरुषाने घरी जाऊन उत्तर द्यायचे आहे.

मांसाची वकिली करताना त्याचे दोष झाकता येणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक आणि साधे लाल मांस संभाव्य कर्करोगकारक ठरवले. म्हशीचे मांस लाल मांसच आहे. शिजवलेले मांस आठवड्याला साधारण ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवावे असे कर्करोगतज्ज्ञ सांगतात. निखाऱ्यावर करपवलेले कमीत कमी. ज्याच्या अंगी युरिक आम्लाचा विकार आहे त्याने डॉक्टरचे ऐकावे. आणि 'म्हशीच्या मांसात चरबी थोडी' हे वाक्य सर्व अवयवांना लागू पडत नाही. नळीतील मगज ही जवळजवळ निव्वळ चरबी. भेज्यात कोलेस्टेरॉल प्रचंड. खिरी, म्हणजे सडाचे मांस, स्निग्ध. काळीज लोहाने भरलेले, पण रोज खाण्याचे नव्हे. रविवारच्या पहाटे निहारीच्या वाटीवर जो लाल तवंग दिसतो, त्याच्यावर १९७१ चे कोष्टक दाखवून पांघरूण घालता येणार नाही.

यापेक्षाही मोठी उणीव तपासणीची. जनावर कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर पशुवैद्याने पाहिले पाहिजे. क्षय, सांसर्गिक गर्भपाताचा रोग, कृमींच्या गाठी यांची शंका आली तर मांस बाद झाले पाहिजे. मुंबईसाठी देवनारचा कत्तलखाना १९७१ पासून आहे. औद्योगिक गावांना तशा सोयी त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कधीच मिळाल्या नाहीत. आणि सोय मागावी तर मागणाऱ्यावर संशय.

हा संशय कायद्याने वाढवला. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईची हत्या बंद होती. बैल आणि म्हशी दाखला घेऊन कापता येत. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही बंद झाले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी उचलून धरली, मात्र राज्याबाहेर कापलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशीच्या मांसाला कायद्याने मज्जाव केलेला नाही. व्यवहारात काय झाले? ते मांस कोणत्या जनावराचे, हा प्रश्न रस्त्यावर, टोलनाक्यावर आणि रेल्वेच्या डब्यात विचारला जाऊ लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये कल्याणकडे येणाऱ्या गाडीत एका वृद्ध प्रवाशाला डब्यातील मांसावरून मारहाण झाली. मांस म्हशीचे असल्याचे तो सांगत होता. चरबी पांढरी की पिवळी यावरून जुना निरीक्षक अंदाज बांधी, पण तो अंदाजच. खरा निवाडा जनुकीय चाचणीने होतो आणि तो प्रयोगशाळेत होतो. चाचणीचा अहवाल येईपर्यंत गाडी अडकते, माल सडतो, माणूस कोठडीत असतो. २०२५ साली महाराष्ट्रातील कुरेशी समाजाच्या व्यापाऱ्यांनी या जाचाला कंटाळून जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली, तेव्हा बाजारात भाकड जनावर घेऊन आलेला शेतकरी ते परत घेऊन गेला. शेतकरी, तबेलेवाला, खाटीक आणि भिशीतला कामगार यांचे हितसंबंध एकाच दोरीत गुंफलेले आहेत, हे त्या बंदने कोणत्याही ठरावापेक्षा स्पष्ट दाखवले.

याच देशाचे दुसरे चित्र बंदरावर दिसते. २०१४-१५ साली भारतातून १४ लाख टनांहून अधिक म्हशीचे मांस निर्यात झाले, किंमत सुमारे २९ हजार कोटी रुपये. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इंडोनेशिया हे मोठे गिऱ्हाईक. निर्यातीचे मांस हाडे काढलेले, गाठी काढलेले, गोठवलेले आणि तपासलेले असते. परदेशी कारखानदार ते घेतो कारण ते स्वस्त आहे आणि त्यात चरबी कमी आहे; दुसऱ्या चरबीयुक्त मांसात मिसळायला ते सोयीचे पडते. चरबीच्या अभावाचा जो गुण कराराच्या कागदावर लिहून डॉलर मिळवले जातात, तो गुण भिवंडीतल्या कामगाराला त्याचा डॉक्टर सांगत नाही. निर्यातदाराच्या शीतगृहाला सवलत आणि गल्लीतल्या दुकानाला माशा, अशी ही राष्ट्रीय पोषणनीती आहे. शाळेतील मुलांच्या अंड्यांसाठी २०२३ मध्ये दिलेला निधीही राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये थांबवला, याची येथे आठवण ठेवावी.

ज्याला मांस खायचे नाही त्याच्या भिशीत ते शिजावे असे कोणी म्हणत नाही. तेथे वरणात डाळ किती पडते यासाठी भांडावे. सोयाबीन आहे, हरभरा आहे, शेंगदाणा आहे. ज्या भिशीत मांस शिजते तेथे करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. खाटकाकडून पांढरी चरबी काढूनच मांस तोलून घ्यावे. चरबीच्या वजनाचे पैसे कामगाराने का द्यावेत? मांस आधी पाण्यात उकळून वर आलेला थर काढून टाकावा आणि मग फोडणी द्यावी. भिशीचे महिन्याचे तेल जेवणाऱ्यांच्या संख्येने भागून भिंतीवर लिहावे. लिंबाचे दोन पैसे ठरावीक रकमेत धरावेत आणि चहा तासभराने द्यावा. युनियनच्या मागणीपत्रकात मजुरीच्या दराखाली आणखी एक कलम घालावे: नगरपालिकेच्या देखरेखीखालील स्वच्छ कत्तलखाना, त्यावर पूर्णवेळ पशुवैद्य, आणि प्रत्येक मांसाच्या तुकड्यावर तपासणीचा शिक्का. असा शिक्का असेल तर टोलनाक्यावर अडवलेल्या गाडीच्या चालकाला दाखवण्यासारखा कागद हातात राहील, आणि भिशीतल्या बाईला मांस कोठून आले हे ठाऊक असेल.

हे कलम पुढील सभेपुढे येईल तेव्हा काही जण उठून म्हणतील की याने वातावरण बिघडेल. त्यांना एवढेच विचारावे की १९७१ च्या त्या कोष्टकातील कोणता आकडा त्यांना चुकीचा वाटतो.